पाण्याची वाट

वाळवंट हा शब्द मराठी माणसाच्या कानावर प्रथम पडतो तो बहुधा चंद्रभागेच्या काठी. आपले वाळवंट नदीच्या कुशीत असते. तिथे टाळ वाजतात, फुगड्या रंगतात आणि उन्हाने तापलेल्या माणसाने चार पावले टाकली की घोटाभर पाणी लागते. जिथे पाणी नाही अशी भूमी म्हणजे वाळवंट, हा अर्थ आपल्याला पुढे भूगोलाच्या पुस्तकात भेटतो आणि त्या पुस्तकातल्या उंटाच्या चित्राबरोबर मनात तसाच राहून जातो. या दोन अर्थांत अंतर किती, याचा विचार करण्याचे मला कधी कारण पडले नव्हते. ते पडले साठीच्या उंबरठ्यावर, आणि तेही देशापासून फार दूर.

अमेरिकेच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात ॲरिझोना नावाचे राज्य आहे. मेक्सिकोच्या सरहद्दीवरून निघून, ते सबंध राज्य दक्षिणेकडून उत्तरेकडे ओलांडून, यूटा राज्याच्या शिवेपर्यंत पोचणारी एक पायवाट तिथे आहे. लांबी ८०० मैल. आपल्या हिशेबाने १,२९० किलोमीटरांच्या आसपास. ही वाट फ्लॅगस्टाफ गावातल्या डेल शेवॉल्टर नावाच्या एका शाळामास्तरांच्या डोक्यात उगवली. १९८५ साली ते दक्षिण सरहद्दीवरून चालत निघाले आणि जुन्या पाऊलवाटा, कच्चे रस्ते जोडत जोडत थेट यूटापर्यंत गेले. मग आपल्या मनातली वाट ते इतरांना सांगत राहिले. १९९४ साली तिच्यासाठी एक संस्था निघाली, २००९ साली तिला राष्ट्रीय वाटेचा दर्जा मिळाला आणि शेवटचा तुकडा हीला नदीच्या घळईत जोडला गेला तो २०११ च्या डिसेंबरात. मास्तर त्याआधीच, २०१० साली, वारले होते. आज या वाटेचे ४३ भाग पाडलेले आहेत आणि त्यांची निगा स्वयंसेवक राखतात. कुणी काटेरी झुडपे छाटतो, कुणी पावसाने वाहून गेलेली कड पुन्हा बांधतो. चालणाऱ्याला हे हात दिसत नाहीत. त्याला फक्त वाट दिसते.

अशी वाट एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एका दमात चालण्याला तिकडे थ्रू-हाइक म्हणतात. माझी भाची टूसॉन शहरात असते. २०२४ च्या वसंतात तिने दोन महिन्यांची बिनपगारी रजा काढली आणि मला बोलावून घेतले. "मावशी, तू पहिले आठ दिवस नुसती सोबत ये. नाही जमलं तर घरी सोडते," असे ती म्हणाली होती. ते आठ दिवस पुढे दोन महिन्यांवर गेले. माझे पाय फार मोठे पराक्रमी आहेत असे नव्हे. पण रोज वीस किलोमीटर चालणे ही मुळात पायांची गोष्ट नाही, सवयीची आहे, हे दुसऱ्या आठवड्यात ध्यानात आले. पहिल्या आठवड्यात माणूस अंतर मोजतो. दुसऱ्या आठवड्यापासून तो पाणी मोजू लागतो.

भूगोलाच्या पुस्तकातले चित्र मात्र पहिल्याच दिवशी पुसले गेले. वाट सुरू होते ती नऊ हजार फुटांपलीकडे उंचावलेल्या मिलर शिखराच्या कुशीतून, आणि मार्चमध्ये तिथे बर्फ असतो. वाळवंट पाहायला आलेली मी दुसऱ्या दिवशी बुटात बर्फ घेऊन चालत होते. पुढे उतरून आलो तेव्हाही वाळूच्या टेकड्या नव्हत्याच. सोनोराचे हे वाळवंट हिरवे आहे. वर्षाला दहा-बारा इंच पाऊस, तोही दोन हप्त्यांत: थोडा हिवाळ्यात झिमझिम, थोडा जुलै-ऑगस्टमध्ये गडगडाटासह. तेवढ्यावर शेकडो जातींची झाडेझुडपे जगतात. वाळू असते ती कोरड्या ओढ्यांच्या पात्रात, आणि वाट कितीदा तरी त्या पात्रांतूनच जाते. म्हणजे चालत होतो ते आपल्या अर्थाच्या वाळवंटातूनच, नदी तेवढी उठून गेलेली.

दिवस पहाटे साडेचारला सुरू होई. पहिले काम बूट उलटे करून झटकण्याचे. विंचवाला बुटाची ऊब फार आवडते. भाचीजवळ जांभळ्या उजेडाचा एक छोटा दिवा होता. त्या उजेडात विंचू हिरवट चमकतात. तंबूभोवती ती एकदा तो दिवा फिरवी आणि "दोन आहेत, पण लांब आहेत," असे शांतपणे सांगे. दुसरे काम पाणी गाळण्याची गाळणी शाबूत आहे का ते पाहणे. वाळवंटातल्या रात्री थंड असतात. गाळणीच्या आतले पाणी गोठले तर तिच्या सूक्ष्म नळ्या फुटतात, आणि ती वरून धड दिसली तरी तिच्यावर भरवसा ठेवता येत नाही. म्हणून गाळणीला रात्री पांघरुणात घेऊन झोपायचे. तान्ह्या मुलाला घ्यावे तसे मी तिला दोन महिने कुशीत घेतले.

साडेपाचला, तांबडे फुटण्याच्या सुमारास, चालायला लागायचे. अकराच्या आत दिवसाचे दोन तृतीयांश अंतर तोडायचे. मग सावली शोधायची आणि तीनपर्यंत गप्प पडायचे. सावली ही तिथे खरोखर शोधावी लागते. कधी मेस्कीटचे झाड मिळे; ते आपल्या बाभळीचे चुलतभावंड. कधी घळीतला कडा मिळे. एकदा तर आम्ही भर दुपारी महामार्गाखालच्या मोरीत पथारी पसरली होती. एका महासागराच्या काठापासून दुसऱ्याच्या काठापर्यंत जाणारा तो रस्ता. डोक्यावरून मालमोटारी धडधडत होत्या आणि खाली आम्ही गार सिमेंटला पाठ लावून घोरत होतो. तीनला उठून पुन्हा साडेसहापर्यंत चाल. रात्री नऊ वाजले की या वाटेवरचे लोक त्याला मध्यरात्र म्हणतात. मी तर आठलाच मध्यरात्र करी.

सामानात दोन वस्तू अशा होत्या की त्यांच्यावाचून माझे चालले नसते. एक म्हणजे चंदेरी छत्री. तिच्या सावलीत ऊन निम्म्याने उतरते. दुसरी म्हणजे एक साधी फणी. केस विंचरायला नव्हे. तिथे चोया नावाचे निवडुंग असते. दुरून ते लोकरीच्या अस्वलासारखे गोजिरवाणे दिसते आणि नुसते घासून गेले तरी त्याचा गड्डाच्या गड्डा तुटून पोटरीत रुततो. हाताने काढू गेल्यास हातात रुततो. फणी मध्ये घालून एका झटक्यात उडवायचा असतो. फणीचा हा उपयोग मला आधी कुणी सांगितला असता तर मी हसले असते.

जेवणाची गंमत निराळीच. वजन वाचवण्यासाठी पुष्कळ जण चूल बाळगतच नाहीत. रिकाम्या बरणीत कोरडे अन्न आणि थोडे पाणी घालतात, आणि चालता चालता ते भिजू देतात. बहुतेकांच्या बरणीत ओटचा नाहीतर शेवयांचा बेचव लगदा असे. आमच्या बरणीत पोहे होते. पोहे, सुके खोबरे, वाळवलेला कांदा, तिखट-मीठ आणि वरून मेतकूट. दहा मिनिटांत दडपे पोहे तयार, आणि पाणी लागे ते वाटीभर. ज्या देशात पाणी तोलून खावे लागते त्या देशासाठीच आपल्या आज्यापणज्यांनी हा पदार्थ शोधला असावा, असे मला तिथे वाटून गेले. दोन-चार तरुण मुलांनी मेतकूट चाखले आणि नंतरच्या प्रत्येक भेटीत बरणी पुढे केली.

या वाटेवर खऱ्या नावाने कुणी कुणाला हाक मारत नाही. कुणाच्या तरी तोंडून एखादे टोपणनाव पडते आणि तेच चिकटते. भाची मला दिवसातून पन्नासदा "मावशी" म्हणे. ते ऐकून ऐकून सगळी वाट मला "माउशी" म्हणू लागली. त्यांना वाटले, हेच माझे वाटेवरचे नाव. मीही अर्थ सांगायला गेले नाही. विशी-पंचविशीतली ती गोरी, सावळी, दाढीवाली, वेणीवाली मुले "गुड मॉर्निंग, माउशी" म्हणत झपाझप पुढे जात, आणि न मागता मला भाचरे मिळत गेली.

आता पाण्याकडे येते. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो. पुढचे पाणी तीस किलोमीटरांवर असेल तर पाठीवर पाच-सहा किलो नुसते पाणीच चढते. कमी घ्यावे तर जिवाशी खेळ, जास्त घ्यावे तर गुडघ्यांशी. म्हणून रोज संध्याकाळी हिशेब मांडावा लागतो. भाची तो फोनवर मांडी. पुढे गेलेल्यांनी लिहून ठेवलेले असे: अमुक झरा वाहता, तमुक कोरडा, त्या तिसऱ्यात मेलेली खार. झरे थोडेच. बहुतेक पाणी म्हणजे गुरांसाठी अडवलेली डबकी. रँचवाले ओढ्याला मातीचा बांध घालतात आणि त्या डबक्याला टँक म्हणतात. गंमत अशी, की या टँक शब्दाचे मूळ काही कोशकार गुजराती टांकी आणि मराठी टाके यांच्यापाशी नेऊन पोचवतात. आपल्या गडांवरचा शब्द सातासमुद्रापार जाऊन गाईंच्या डबक्याला चिकटला होता. पाणी मात्र टाक्यातल्यासारखे नितळ नव्हे. हिरवे, शेवाळलेले, काठाला शेणाचा थर. रुमालातून गाळायचे, मग गाळणीतून गाळायचे, आणि प्यायचे. भाची पहिल्यांदा डोळे मिटून प्याली. मी डोळे उघडे ठेवूनच प्याले, कारण ते पाणी मला अनोळखी नव्हते.

मी माणदेशातली. सह्याद्रीने पाऊस अडवला की आमच्या वाट्याला जे उरते ते वीस इंचांच्या आतबाहेर. माणगंगा नावाची नदी आहे, पण लहानपणी तिच्या पात्रात झरे खणून वाटीने पाणी भरलेले मला आठवते. १९७२ च्या दुष्काळात मी आठ वर्षांची होते. मोठी माणसे खडी फोडायला जात, आम्हा मुलांना सुकडी मिळे. आईच्या डोक्यावर हंडा, हंड्यावर कळशी. तिला लिहिता येत नव्हते, पण घरातल्या पाण्याचा हिशेब तिच्याइतका चोख कुणी ठेवला नसेल. प्यायला किती, भाकरीच्या पिठाला किती, म्हशीला किती. त्या वर्षीच्या दिवाळीत पहिल्या आंघोळीला आम्हा भावंडांना एकेक तांब्या कढत पाणी मिळाले. उटण्याऐवजी तिने आमच्या अंगाला नुसते तेल चोळले, कारण उटणे धुवायला पाणी लागते. पण या हिशेबात एक कळशी कधीच धरलेली नसे. ती दाराजवळ झाकून ठेवलेली असे, वाटेने येणाऱ्याजाणाऱ्यासाठी. आम्ही तहानेने रडलो तरी ती कळशी आधी आमच्याकडे वळत नसे. "पाणी नाही असं दारातल्याला म्हणू नये," एवढेच ती सांगे. त्यापुढे तिने कधी तत्त्वज्ञान सांगितले नाही.

ही कळशी मला पहिल्याच आठवड्यात आठवली. सरहद्दीपासून दोन-तीन दिवसांच्या अंतरावर, कानेलोच्या टेकड्यांत, ओकच्या झाडाखाली एक रिकामे प्लास्टिकचे भांडे पडलेले दिसले. काळे. आमची भांडी पारदर्शक होती, म्हणून मी ते उचलून पाहिले. भाची म्हणाली, "मावशी, काळं भांडं उन्हात चमकत नाही. लांबून दिसू नये म्हणून घेतात." थोड्या अंतरावर गालिच्याच्या तुकड्यांचे तळवे शिवलेले एक पायताण होते. वाळूत पाऊल उठू नये म्हणून. तिने आणखी काही सांगायची गरज उरली नाही. आम्ही ज्या दिशेला चाललो होतो त्याच दिशेला, त्याच टेकड्यांतून, तेच पाणी मोजत कुणीतरी गेले होते. आमच्या चालण्याला हौस म्हणतात. त्याच्या चालण्याला काय म्हणावे? २००० सालापासून दक्षिण ॲरिझोनाच्या या वाळवंटात तीन हजारांहून अधिक स्थलांतरितांचे अवशेष सापडले आहेत. त्याच साली टूसॉनमध्ये ह्यूमेन बॉर्डर्स नावाची एक संस्था निघाली. ती वाळवंटात पाण्याची पिंपे ठेवते आणि लांबून दिसावे म्हणून शेजारी उंच काठीवर निळा झेंडा लावते. ते झेंडे आमच्या वाटेवर नव्हते. निघण्यापूर्वी भाचीने मला टूसॉनच्या पश्चिमेकडे नेऊन एक दाखवला होता. सरहद्दीचे कायदे कसे असावेत यावर त्या देशात मोठा वाद आहे, आणि मी तिथली पाहुणी. पण त्या निळ्या फडक्याकडे पाहताना मला वाटले, की दाराजवळची कळशी हिलाही ठाऊक आहे.

आमच्या वाटेवरही अशा कळश्या होत्या. ओरॅकल गावापासून हीला नदीपर्यंतचा सुमारे ९५ किलोमीटरांचा पट्टा फार कोरडा. मध्ये एक कच्चा रस्ता वाटेला आडवा जातो. तिथे लोखंडाची एक पेटी ठेवलेली आहे. कुणी स्वतःसाठी आधीच पाणी आणून ठेवतो, त्यावर नाव आणि तारीख घालतो. त्याला हात लावायचा नाही. आणि कुणी येईल त्याच्यासाठी म्हणून ठेवतो. आम्ही तिथे पोचलो तेव्हा मार्च संपत आला होता. दोघींत मिळून एक लिटर उरले होते. पेटीत येईल त्याच्यासाठी म्हणून दोन गॅलनची भांडी होती, म्हणजे साडेसात लिटर. पुढचे खात्रीचे पाणी चोवीस किलोमीटरांवर, गुरांच्या एका टाक्यात.

भाचीने फोन काढला, हिशेब केला आणि म्हणाली, "आपल्याला प्रत्येकी चार लागतील. सगळंच घ्यावं लागेल."

मी म्हटले, "मागं ती दोन मुलं आहेत. एकाची टाच सोलली आहे. पाच आपण घेऊ, अडीच ठेवू."

"मावशी, त्यांनी त्यांची सोय केली असेल. आणि हे माण नाही. इथं कमी पडलं तर विचारायला पुढं घर नाही."

तिचे खोटे नव्हते. माणमध्ये घागर रिकामी झाली तरी चार घरांचा उंबरा होता. इथे चोवीस किलोमीटरांत उंबरा नाही. शिवाय मी मोठी म्हणून माझ्या धर्मासाठी तिची तहान पणाला लावण्याचा मला काय अधिकार? आईने आम्हाला विचारले नव्हते. पण आम्ही लेकरे होतो आणि ही पस्तिशीची बाई होती. आम्ही पेटीच्या सावलीत बसून वाद घातला. आवाज चढले नाहीत, पण दोघींच्याही घशाला कोरड पडली, आणि ती काही केवळ उन्हाने नव्हे. शेवटी मी म्हटले, "पाच लिटरात कसं जमेल ते तू सांग. नाही जमत म्हणालीस तर सगळं घेऊ." ती बराच वेळ फोनकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "दुपारी चालायचं नाही. रात्री तीनला उठायचं. आणि पोहे कोरडे खायचे."

तसेच केले. उत्तररात्री कृष्ण पक्षातला चंद्र वर आला होता. सग्वारोंच्या सावल्या वाटेवर आडव्या पडल्या होत्या. एक उंदीर उड्या मारीत बाजूला झाला. हा कांगारू उंदीर पाणी न पिताही जगू शकतो. कोरड्या बियांच्या पचनातूनच त्याला लागेल तेवढे पाणी मिळते. "याला हिशेब नाही," भाची म्हणाली, आणि कालपासून ती पहिल्यांदा हसली. सकाळी नऊच्या सुमारास टाके दिसले. भाचीच्या बाटलीत चार घोट उरले होते, माझ्या बाटलीत तेवढेच. काठावर पाच-सहा गाई उभ्या होत्या. त्यांनी आमच्याकडे आणि आम्ही त्यांच्याकडे शेजारणींसारखे पाहिले.

चार दिवसांनी सुपीरियर गावात ती मागची दोन मुले भेटली. टाचेचे दुखणे वाढले म्हणून त्या कच्च्या रस्त्यावरूनच एका रँचवाल्याच्या गाडीत बसून ती गावात आली होती. पेटी त्यांनी उघडलीसुद्धा नव्हती. भाचीने माझ्याकडे पाहिले. "बघ मावशी, तुझं अडीच लिटर फुकट गेलं."

मी म्हटले, "पेटीतच आहे ना? मग फुकट कुठं गेलं?"

यावर ती काही बोलली नाही. पण मला नंतर पुष्कळदा वाटले, की उपकाराचे फळ लगेच दिसावे ही आपली हौस बाजारातली आहे. इतके दिले, इतके कामास आले. पाणी ठेवणाऱ्याला हा हिशेब मांडताच येत नाही. त्यापूर्वी एका ठिकाणी असा एक ठेवणारा आम्हाला भेटला होता. सत्तरीचा गृहस्थ, जुन्या गाडीतून एकामागून एक भांडी उतरवीत होता. मी हात लावला तेव्हा म्हणाला, "मी ही वाट पूर्वी चाललो आहे. आता गुडघे गेले. म्हणून पाणी चालवतो." तो पाणी कोण पिते हे पाहायला थांबत नव्हता. भांडी ठेवली, गाडी वळवली, धुरळा उडवीत गेला.

हीला ओलांडल्यावर एप्रिलच्या सुरुवातीला एकदा पाऊस झाला. पाव तासाचाच. पण क्रिओसोटच्या झुडपांना पाणी लागले की त्यांच्या पानांतून असा वास सुटतो, की आपला मृद्गंध त्याच्यापुढे सौम्य वाटावा. तिथले लोक त्यालाच पावसाचा वास म्हणतात. सग्वारोच्या अंगावर उभ्या चुण्या असतात. पाणी मिळाले की बाजाच्या पेटीच्या भात्यासारख्या त्या उलगडतात आणि खोड फुगते. पोटभर प्यालेल्या मोठ्या सग्वारोचे वजन दीड-दोन टनांपर्यंत जाते. पण तो मोठा होतो किती सावकाश! पहिल्या आठ वर्षांत उंची जेमतेम इंच-दीड इंच. पहिला हात फुटायला पन्नास-साठ वर्षे, क्वचित त्याहूनही अधिक. हे बाळ उघड्यावर जगतच नाही. पालो व्हेर्दे किंवा मेस्कीटच्या झाडाखाली पडलेले बीजच बहुधा तगते. ते झाड त्याला उन्हातून आणि थंडीतून वाचवते. तिकडे त्याला दाई-झाडच म्हणतात. सग्वारो मोठा झाला की दाईच्या मुळाजवळचे पाणी ओढतो आणि पुष्कळदा दाई आधी वाळून जाते. वाटेवरच्या प्रत्येक उंच सग्वारोच्या पायथ्याशी मी दाई शोधू लागले. कुठे ती हिरवी असे, कुठे नुसते करडे खोड उरलेले असे, कुठे काहीच नसे. सग्वारो तेवढा आपणच आपले उभे राहिल्यासारखा ताठ उभा असे.

या भूमीचे जुने रहिवासी तोहोनो ओऑडम, म्हणजे वाळवंटाचे लोक. जूनमध्ये ते लांब काठीने सग्वारोची फळे पाडतात. त्यांचे नवे वर्ष त्याच सुमारास, पावसाच्या तोंडावर सुरू होते. गर काढून घेतला की फळाची रिकामी साल ते लाल बाजू आभाळाकडे करून जमिनीवर ठेवतात. पाऊस लवकर यावा म्हणून. हे वाचल्यावर मला आईची कळशी, लोखंडी पेटी आणि ती साल एकाच ओळीत मांडाव्याशा वाटल्या. पाण्यासाठी उघडे ठेवलेले काहीतरी, ज्याचा धनी आपण नाही.

पुढे मोगोयॉनच्या कड्यावर चढल्यावर वाळवंट संपले आणि पाइनची जंगले लागली. ग्रँड कॅन्यनच्या तळाशी उतरून कोलोरॅडो नदी पुलावरून ओलांडली. इतके पाणी एकदम पाहून आम्ही दोघी पुलावर नुसत्या उभ्या राहिलो. मेच्या उत्तरार्धात यूटाची शीव आली. तिथे ना कमान ना घंटा. साधी खूण होती आणि शेजारी सावलीला बाक होता. पाण्याच्या बाटल्या निम्म्या भरलेल्या होत्या. दोन महिन्यांत प्रथमच त्या मोजण्याचे कारण उरले नव्हते, तरी दोघींनीही सवयीने मोजल्या.

एवढे चालून माणसाला काय मिळते, असे घरी आल्यावर पुष्कळांनी विचारले. वजन कमी झाले, पायांना घट्टे पडले, हे दिसतेच. पण एक गोष्ट दिसत नाही ती अशी: पाठीवर सगळे घर घेऊन, कुणावाचून काही न अडता चालण्याचा जो एक डौल या वाटेवर प्रत्येकाला पहिल्या दिवशी चढतो, तो पहिल्या रिकाम्या बाटलीबरोबर उतरतो. टाके कुणा रँचवाल्याचे, पेटी कुणा अनोळख्याची, वाट एका शाळामास्तरांची. आपले म्हणजे पाय तेवढे. आणि मग मागून येणारा दिसत नसला तरी हिशेबात धरावा लागतो, कारण आपल्यालाही कुणीतरी, आपण दिसत नसताना, धरलेले असते.

भाची आता हंगामात एकदा-दोनदा गाडीत भांडी घालून त्या कच्च्या रस्त्यापर्यंत जाऊन येते. मी तिला कधी सांगितले नाही. तीही त्याविषयी फारसे बोलत नाही. परवा फोनवर इतर सगळ्या गोष्टी झाल्यावर, ठेवता ठेवता म्हणाली, "आज पेटी भरून आले. अडीच लिटर हिशेबाबाहेरचं ठेवलंय."